शोकसंदेश फलक क्रमांक चार

"फळ्यावर ज्याचं नाव चढतं, ते मानूस घरी माघारी येत न्हाई. ध्यानात ठिव," असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. तेव्हा त्या डाळ पाखडत होत्या आणि मी बी.ए. झालेली होते, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. शिकलेल्या बाईची हीच पंचाईत असते. पाखडणाऱ्या बाईचं म्हणणं तिला आधी म्हण वाटतं, आणि मग कधीतरी नोटीस येते.

आमचं गाव नगरहून शेवगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नाव सांगत नाही, कारण ग्रामपंचायतीशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. आमच्याकडे चौकातले फळे एकाच कामाला येतात: अमुक तमुक यांचे दुःखद निधन, अंत्यविधी इतक्या वाजता. लग्नाच्या पत्रिका निघतात, बारशाला पेढे वाटतात, फळा फक्त मेलेल्यांचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझं काम वेगळं होतं.

काम असं की, आमचा सम्राट तीन वर्षं दोन महिन्यांचा झाला तरी बोलत नव्हता. शब्द मोजून चार. आई, दे, बू म्हणजे पाणी, आणि चौथा शब्द असा की त्याचा अर्थ त्याला एकट्यालाच ठाऊक. नगरच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सगळं ठीक दिसतंय. रोज काय बोलतो ते लिहून ठेवा. तीन महिन्यांनी या." बाकी गावाकडे याहून पक्के उपाय होते. कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, कुणी पोपटाने टोचलेला पेरू. शेजारचे श्रीमंतकाका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, म्हणाले, "वहिनी, पोराला खिडकीपाशी बसवून पैठणपर्यंत न्या. वाऱ्याने जीभ मोकळी होते. माझ्या गाडीत किती मुकी माणसं भांडायला लागलेली पाहिलीत मी."

मी वहीत लिहायला लागले. पण वहीची एक अडचण असते. ती उत्तर देत नाही. 'आज शब्द नाही' असं सलग अकरा दिवस लिहिलं की ती वही उघडायचीच भीती वाटते. मला एकच हवं होतं. एवढ्या मोठ्या जगात अशीच एखादी आई असेल, जिचं पोर उशिरा बोललं. तिने एकदा म्हणावं, बाई, माझ्याकडेही असंच होतं. बस. डॉक्टरांनी सांगितलेलं पुरत नव्हतं, कारण डॉक्टरांची मुलं सगळी बोलत होती.

त्याच सुमारास पुण्याहून माझी मैत्रीण दीपा हिचं पत्र आलं. तिकडे म्हणे लोक कॉम्प्युटरवर स्वतःचं एक पान करतात, त्यावर आपल्या घरातलं रोजचं लिहितात, आणि कुठल्या कुठे बसलेली माणसं ते वाचून उत्तरं देतात. नव्याण्णव साल होतं. मी सलग तीन शनिवार सम्राटला कडेवर घेऊन शेवगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले.

क्लास खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता आणि दोघांत मिळून फोन एक. सर फोन लावायचे, फोनला जोडलेली मोडेमची पेटी किंचाळायची, खरवडायची, शिट्ट्या मारायची, आणि पान उघडणार एवढ्यात खालून कुणीतरी फोन उचलून विचारायचं, "युरिया आला का?" की संपलं. पुन्हा किंचाळण्यापासून सुरुवात. शिवाय त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. 'आज सम्राटने वरण सांडले' हे इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर ते वरण आहे की वारणा नदी, हे मलाच कळेना. तिसऱ्या शनिवारी पान तयार झालं, सर म्हणाले, "आता फक्त एक बटण दाबायचं," आणि वीज गेली. सम्राटने मात्र घरी येईपर्यंत त्या पेटीचा आवाज हुबेहूब काढला. तो शब्द धरायचा की नाही, हे वहीत कुठे लिहावं मला समजेना. शेवटी 'इतर' असा एक रकाना आखला.

त्या संध्याकाळी मी दारात उभी होते. आमच्या घराची रस्त्याकडची भिंत आणि एसटीचा थांबा समोरासमोर नाहीत, एकच आहेत. म्हणजे थांब्याला शेड नाही, म्हणून लोक आमच्या भिंतीच्या सावलीत उभे राहतात. दिवसातून किती गाड्या, किती गावांची माणसं. बायका, कडेवर पोरं. वेळ भरपूर आणि वाचायला काही नाही. मला वाटलं, अगं, पुण्याची वाट कशाला बघतेस? भिंत आहे.

माझे यजमान महेंद्र हायस्कूलला शिक्षक, त्यामुळे खडूचा प्रश्न नव्हता. ते म्हणाले, "यशोधरा, घरातलं रस्त्यावर कशाला?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तर जगभर गेलं असतं. हे निदान पाथर्डीपर्यंतच जाईल." त्यावर ते पेपरांच्या गठ्ठ्याकडे वळले. त्यांना पटलं असं नाही, पेपर तपासायचे होते.

फळा रंगवायला गहिनीनाथ पेंटर आला. मी सांगितलं, साधा काळा चौकोन काढ. मी सम्राटला भरवून बाहेर येईपर्यंत त्याने चौकोनाला वेलबुट्टीची पांढरी किनार काढून दोन कोपऱ्यांत दोन पेटत्या समया उभ्या केल्या होत्या.

"हे काय?"

"किनारीबिगर फळा नागडा दिसतो, वहिनी. आन् समया माझ्याकडून. बाकीच्या फळ्यांना मी एकच काढतो."

ऑइलपेंट होता. निघेना.

दुसऱ्या दिवशीपासून मी लिहायला लागले. वर तारीख, खाली चार ओळी. 'आज सम्राट लाल गाडी पाहून हसला. शब्द नाही.' 'आज भेंडी करपली. सम्राटने खाल्ली. शब्द नाही, तक्रारही नाही.' पहिल्या आठवड्यात वाचक भरपूर मिळाले, पण उत्तर एकही नाही. उलट दिसलं ते असं, की माणसं वाचून झाल्यावर वळायची आणि फळ्याला पाठ टेकून उभी राहायची. गाडी आली की माझ्या ओळी पाठीवर घेऊन निघून जायची. माझं लिखाण नेवाशापर्यंत पोचलं होतं, फक्त सदऱ्यांवरून आणि उलटं. खालचा अर्धा फळा रोज दुपारपर्यंत साफ. वरचा तेवढा राहायचा, कारण आमच्या भागात सहा फुटी माणसं कमी.

श्रीमंतकाकांनी सूचना केली की नुसतं पोराचं लिहिण्यापेक्षा एका कडेला गाड्यांचं वेळापत्रक टाका. मी नको म्हटलं. त्यांनी ते स्वतःच टाकलं. शेवगाव गाडीच्या पुढे कंसात 'कधीतरी' असं लिहून खाली सहीसुद्धा केली.

आणि मग एका रविवारी, बाजाराच्या दिवशी, माझ्या ओळींखाली लाल अक्षरं दिसली. विटकरीच्या तुकड्याने लिहिलेली, थोडी तिरपी. 'माझा पन उशीरा बोल्ला. साडेचार वर्शाला. घाबरू नका. कडूबाई.'

मी ती ओळ उभ्यानेच पाच-सहा वेळा वाचली. मग आत जाऊन भात उतरवला. मग पुन्हा बाहेर येऊन वाचली.

त्यानंतर दर रविवारी कडूबाई लिहून जायची. मी नारळाच्या करवंटीत खडू ठेवले, तरी तिने विटकरच वापरली, आणि बरंच झालं, कारण पाठींनी खडू पुसला जायचा, विटकर राहायची. 'त्याच्यासंगं सारकं बोला, उत्तराची वाट बगू नका.' 'खेळताना नावं घ्या. ताट, वाटी, चूल.' ती कोण, कुठली, मला पत्ता लागेना. दर रविवारी मी दाराआडून थांब्यावरच्या बायका न्याहाळायची, पण बाजाराच्या गर्दीत तीस बायका असतात आणि आमच्या तालुक्यात कडूबाई नावाच्या दर गावात चार. श्रीमंतकाका म्हणाले, "शेवगाव गाडीने येते, राहात्याच्या गाडीने पुढे जाते. हिरवं लुगडं. कुणाची कोण, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं म्हणजे सासूबाई गप्प होत्या. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली.

ग्रामसेवक आसाराम भाऊसाहेब सायकलवरून आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि चार ओळी वाचायला त्यांनी तेवढीच मिनिटं घेतली. "ताई, आचारसंहितेत सार्वजनिक जागी दिसणारे सगळे फलक झाकायचेत."

"पण यात राजकारण काय आहे? भाजी करपल्याचं लिहिलंय."

"महागाईवर टीका वाटू शकते." त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. "परवानगी मिळते, पण फलकाचा प्रकार लिहावा लागतो. राजकीय, धार्मिक, व्यापारी, शोकसंदेश. तुमचा कुठला?"

"यातला कुठलाच नाही."

"मग झाकावा लागेल."

मला कडूबाईचा रविवार दिसत होता. माझा चेहरा बघून भाऊसाहेब विरघळले असावेत. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, शोकसंदेशाला आचारसंहिता लागत नाही. माणसं निवडणुकीतही मरतात. शिवाय समया काढलेल्याच आहेत. सही करा इथं."

मी सही केली. त्यांनी कोपऱ्यात, वेळापत्रकाच्या वर, पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'शोकसंदेश फलक क्र. ४. ग्रा. पं. मान्य.' मला खूप सुटल्यासारखं वाटलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी तोंड उघडलं. "पोराचं लिवलं. पोराच्या बापाचं लिवलं, मोजा हरवला म्हनून. श्रीमंत भावजींची सई बी हाय तितं. म्या रोज पोराला घिऊन बसते, माझं नाव न्हाई कुटं."

"आई, तुम्हीच म्हणाला होता, फळ्यावर नाव चढलं की..."

"त्ये परक्याच्या फळ्यावर. ह्यो आपला हाय. आन् नाव लिवशील तर पुरं लिव. ह्यांच्यासकट. वय बी टाक, लोकास्नी कळू दे या वयात म्या काय काय करते त्ये."

सासूबाईंनी आपणहून काही मागितलं असं आमच्या घरात फार वेळा होत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार होता, ठळक अक्षरांत लिहिलं: 'बनाबाई उत्तमराव भिंगारदिवे, वय ६६.' खाली चार ओळी: 'यांनी नातवाला ओट्यावर बसवून एक ते पाच म्हणून दाखवले. सम्राटने पाचही बोटे बरोबर उघडली. शब्द नाही.' सासूबाईंनी लांबून पाहिलं, अक्षर आणखी मोठं चाललं असतं म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या. महेंद्र निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले. डॉक्टर त्या दिवशी खास शेवगावला येणार होते, म्हणून मी सम्राटला घेऊन सकाळच्या गाडीने निघाले. वही बरोबर घेतली. तीन महिने झाले होते.

डॉक्टरांनी वही वाचली. 'इतर' रकाना पाहून जरा थांबले. "आणखी तीन महिने," म्हणाले.

दुपारी परतले आणि गाडीतून उतरताना माझं घर मला दिसेना, कारण घरापुढे माणसं होती. एक टेम्पो उभा. ओट्यावर पुरुष खाली मान घालून बसलेले. आतून बायकांचं रडणं. सम्राट माझ्या कडेवर होता, म्हणजे तो नव्हे. माझ्या डोक्यात एकच आलं: महेंद्र. ट्रेनिंगची गाडी.

श्रीमंतकाका पुढे आले. "वहिनी, खंबीर व्हा."

"काय झालं?"

"खंबीर व्हा आधी."

"काका, कोण?"

"मी सगळ्यांना फोन केलेत. राहात्याला, पारनेरला. तुम्ही कशाची काळजी करू नका. गाडीतसुद्धा प्रवाशांनी टोप्या काढल्या हो."

गर्दीतून महेंद्र येताना दिसले, ट्रेनिंगची पिशवी खांद्याला, चेहरा पांढराफटक. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे आणि सम्राटकडे. आम्ही तिघंही होतो. मग गेलं कोण? आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

बाजाराच्या गर्दीच्या पाठींनी आपलं काम केलं होतं. खालच्या चार ओळी साफ. वर दोन समयांच्या मधे तारीख, ठळक नाव, वय, आणि कोपऱ्यात ग्रामपंचायतीची मान्यता.

"काका," महेंद्र म्हणाले, "सकाळी आई तुमच्याशी बोलून बाजारात गेली ना?"

"गेल्या होत्या. पिशवीसुद्धा पाहिली." काका अडखळले. "पण फळ्यावर आलं म्हटल्यावर, गुरुजी... लिहिलेलं खोटं कसं धरायचं?"

ओट्यावर छगनमामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ, राहात्याहून पांढरी फुलं आणि मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आलेले, गुडघ्यात डोकं घालून बसले होते. "आई कुठंय मग?" महेंद्र मला विचारत होते, आणि मी आतलं रडणं ऐकत होते. त्यातला एक आवाज, सगळ्यांत मोठा, माझ्या फार ओळखीचा होता.

झालं होतं ते असं. सासूबाई तासाभरापूर्वी बाजारातून आल्या, दारात टेम्पो आणि टाहो पाहिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांना वाटलं, सून आणि नातू गाडीने गेलेत, गाडीला काही झालं. पिशवी टाकून, पदर हनुवटीपर्यंत ओढून त्या थेट बायकांत जाऊन बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. राहात्याच्या बायकांनी त्यांना आठ वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्यांनी जवळची कुणीतरी म्हणून मधे जागा करून दिली.

मी दारात पोचले तेव्हा छगनमामा उठून माझ्या गळ्यात पडले. "पोरी, आक्का न्हाई गं आता. आपली आक्का न्हाई!"

माझ्या कडेवरून सम्राटने आत वाकून पाहिलं. एवढ्या पदरांतून त्याला नेमकं कळलं. बोट लांब केलं, आणि मामांना चूक सुधारून द्यावी तसं शांतपणे म्हणाला, "आजी हाय."

मधला एक पदर वर झाला. सासूबाईंनी आधी सम्राटला पाहिलं, नखशिखांत. मग मला. मग हात पुढे केले, त्याला मांडीवर ओढून घेतलं आणि त्याची पाचही बोटं एकेक करून चाचपली.

"आक्का!" मामा किंचाळले. "तू... तू हायेस?"

"न्हाई. तुझ्या सासऱ्याचं भूत बसलंय हितं." त्यांनी नाक पुसलं. "काय म्हनला माझा राजा? परत म्हन."

"आजी हाय," सम्राट म्हणाला. दोन शब्द. वाक्य. क्रियापदासकट. मी उंबऱ्यावरच बसले.

पुढचा तास सासूबाईंनी हजेरी घेतली. आपण मेलो होतो याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. एकच टेम्पो आला, याचं वाटलं. "वच्छी का न्हाई आली? तिच्या सासूला म्या दोन दिस बसले हुते. आन् छगन, फुलं एवडीशीच?" बायका निघताना प्रत्येकीला त्यांनी चहा घ्यायला लावला आणि खऱ्या वेळेला लवकर यायला बजावलं.

तिसऱ्या दिवशी आसाराम भाऊसाहेब आले. मान्यताप्राप्त शोकसंदेश फलकावर हयात व्यक्तीची नोंद आढळली होती. नोटिशीत लिहिलं होतं, सात दिवसांत मयताचा दाखला हजर करावा, अन्यथा फलक नष्ट करण्यात येईल.

मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सात दिसात जमायचं न्हाई म्हनावं. पोराला अजून दहापर्यंत शिकवायचंय."

मीही तसं लेखी कळवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. शनिवारी मात्र, मुदत संपायच्या आतच, दोन माणसं चुन्याची बादली घेऊन आली आणि भिंत पांढरी करून गेली. समयांसकट.

आता खरं सांगायचं ते सांगते. त्या रविवारी संध्याकाळी, टेम्पो गेल्यावर, मी करवंटी आत घ्यायला बाहेर गेले होते. फळ्याच्या अगदी तळाशी, पाठींच्या खाली, लाल अक्षरं होती. कडूबाई त्या गर्दीतच कधीतरी येऊन गेली होती. 'उद्या नगरला जाते. गाठ काडायची हाय. बरी झाले की रईवारी लिवते. पोरगं काय बोल्लं त्ये लिवून ठिवा.'

मी लगेच लिहिलं. सगळा फळा भरून, पाठी पोचणार नाहीत असं स्टुलावर चढून वर. 'आजी हाय.' ते सहा दिवस तिथे होतं. मग चुना आला. त्यानंतर किती रविवार गेले. मी भिंतीपाशी उभी राहते. श्रीमंतकाका प्रत्येक कंडक्टरला विचारतात. हिरवी लुगडी पुष्कळ येतात, पण भिंतीकडे बघून कुणी थबकत नाही. किंवा ती आलीही असेल, पांढरी भिंत बघून हे घर मिटलं असं समजून पुढे गेली असेल. आमच्या भागात फळा गेला की माणसं असंच समजतात.

दीपा म्हणते, कॉम्प्युटरवर असतं तर पुसलं गेलं नसतं. असेल. पण कडूबाई तिथे विटकर घेऊन कुठून आली असती?

तर तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. तुमच्या गावात कडूबाई असेल. हिरवं लुगडं, तिरपं अक्षर, एक मुलगा जो साडेचार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. तिच्या घरी जरा जाऊन याल का? गाठीचं काय झालं ते विचारा. आणि तिला सांगा, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही. सगळी हाय. सम्राट आता सकाळपासून बोलतो, मधे श्वासही घेत नाही, आणि ती येईल म्हणून मी भिंतीच्या कोपऱ्यात चुना खरवडून हातभर जागा काळी करून ठेवली आहे. विटकरही ठेवली आहे.